पागलखान्याची वाट : चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील मनोरुग्णांचा इतिहास

मनोविकारांच्या इतिहासाची संग्रहालये जगात जिथे उभी राहिली, तिथे ती बहुधा जुन्या मनोरुग्णालयांच्या भिंतींच्या आतच उभी राहिली आहेत. बेल्जियममधील गेंट शहरात १८५७ साली बांधलेल्या आश्रयगृहात १९८६ साली डॉक्टर गिलेन यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. लंडनच्या बेथलेम रुग्णालयाची परंपरा थेट १२४७ सालापर्यंत मागे जाते आणि त्याच्या आवारातील संग्रहालयात सतराव्या शतकातले दोन दगडी पुतळे आजही पाहणाऱ्याला प्रवेशाशीच थांबवतात. त्यांपैकी एक विषण्णतेचा आहे, दुसरा उन्मादाचा, आणि उन्मादाच्या पुतळ्याचे हात साखळीने जखडलेले आहेत. भारतात बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने आपल्या जुन्या वास्तूंचा, उपकरणांचा आणि कागदपत्रांचा वारसा संग्रहालयाच्या रूपाने जपला आहे. या सर्व ठिकाणी इतिहासाला आधी भिंत मिळाली आणि मग ती भिंतच त्याचा पुरावा झाली.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या वाट्याला अशी भिंत आली नाही. येथील मनोरुग्णांसाठी सरकारने जी वास्तू बांधली ती नागपुरात होती आणि आजही नागपुरातच आहे. त्यामुळे या प्रदेशातील मानसिक आरोग्याचा इतिहास एखाद्या इमारतीत सापडत नाही, तो चांदा (आजचे चंद्रपूर), अहेरी, सिरोंचा, भामरागड येथून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवर विखुरलेला आहे. त्या वाटेने किती माणसे गेली यापेक्षा किती माणसे कधीच जाऊ शकली नाहीत, हा या इतिहासातला अधिक जड प्रश्न आहे, आणि उद्या या विषयाचे संग्रहालय विदर्भात उभे करायचे ठरले तर त्याची मांडणीही याच प्रश्नापासून सुरू करावी लागेल. नागपूरकरांच्या तोंडी त्या रुग्णालयाजवळच्या चौकाचे ‘पागलखाना चौक’ हे नाव अजूनही आहे. संस्थेचे अधिकृत नाव अनेकदा बदलले, कायद्यांतून ‘वेडा’ हा शब्द गेला, तरी ऑटोरिक्षाचालकाला पत्ता सांगताना हाच शब्द उच्चारला जातो, आणि शहराने न ठरवता जपलेला हा या इतिहासाचा पहिला अवशेष म्हणावा लागेल.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर दत्तकवारस नामंजूर करून कंपनी सरकारने खालसा केले आणि १८५४ साली चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला. चारच वर्षांनी, १८५८ साली, या प्रदेशाच्या आठवणीत एक घटना कायमची कोरली गेली : इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्याच वर्षी कलकत्त्याहून मनोरुग्णांविषयीचे तीन कायदे जारी झाले. एक इलाख्यांच्या शहरांतील तत्कालीन सर्वोच्च न्यायालयांच्या कारवाईसाठी होता, दुसरा जिल्हा न्यायालयांनी मनोरुग्णाच्या मालमत्तेची व्यवस्था कशी लावावी याविषयी होता, आणि तिसरा, म्हणजे १८५८ चा छत्तिसावा कायदा, वेड्यांच्या इस्पितळांची स्थापना व त्यांतील भरती यांचे नियम घालून देणारा होता. उठाव आणि वेड यांचा सरकारने थेट संबंध जोडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दोन्ही बाबतींत राज्यकर्त्यांची काळजी एकच होती, ती म्हणजे रस्त्यावर, बाजारात आणि गावोगाव मोकळे फिरणारे अनोळखी माणूस कोणाच्या ताब्यात असावे ही, आणि म्हणून मनोरुग्णाची पहिली गाठ वैद्याशी पडण्याऐवजी पोलिसाशी पडेल अशी रचना या कायद्याने केली.

त्या रचनेचा क्रम असा होता. भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा इसम पोलिसाने ताब्यात घ्यायचा व मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा. मॅजिस्ट्रेटने सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून दाखला घ्यायचा. दोघांची खात्री पटली की दाखल करून घेण्याचा हुकूम निघायचा आणि तो इसम पहाऱ्यात इस्पितळाकडे रवाना व्हायचा. १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती झाली, रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत प्रांताची प्रशासकीय घडी बसवली जात होती, आणि त्याच काळात, १८६४ साली, नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. चांदा जिल्ह्यापुरते पाहिले तर या इस्पितळाचे दार उघडले असे म्हणण्यापेक्षा ते फार दूर उघडले असे म्हणणे अधिक अचूक आहे. नागपूरला आगगाडी १८६७ साली पोहोचली, तीही मुंबईच्या बाजूने. चांदा जिल्ह्यात रूळ आले ते पुढच्या दशकात आणि वरोऱ्याच्या कोळशासाठी. गोदावरी-प्राणहितेच्या काठचा सिरोंचा भाग तर १८७४ पर्यंत अपर गोदावरी नावाच्या वेगळ्याच जिल्ह्यात मोडत होता. पावसाळ्याचे चार महिने वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले ओलांडता येत नसत, आणि उन्हाळ्यात बैलगाडीने किंवा पायी नागपूर गाठायचे तर दिवसांचा नव्हे, आठवड्यांचा हिशेब करावा लागे.

या अंतराचा परिणाम साधा होता. पोलीस ठाणे जवळ असलेल्या, बाजारपेठेच्या, कोळशाच्या खाणीच्या किंवा मोठ्या रस्त्याच्या गावी ज्याचे मन बिघडले तो सरकारच्या नजरेस पडे आणि नागपूरला पोहोचे. दाट अरण्यातल्या माडिया आदिवासींच्या पाड्यावर ज्याचे मन बिघडले तो सरकारी दप्तरात कधीच उमटत नसे. त्यामुळे जुन्या अहवालांत चांद्याकडच्या रुग्णांची संख्या कमी दिसली, तर तेवढ्यावरून वनवासी माणसाला मानसिक आजार होत नसत असा निष्कर्ष काढणे चूक आहे. जंगलातले जीवन साधे, म्हणून तिथे वेड नाही, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या अनेक इंग्रज लेखकांच्या लिखाणात डोकावते आणि आजही ती सुशिक्षितांच्या बोलण्यात ऐकू येते. आकडा कमी होता तो आजार कमी असल्यामुळे नव्हे. वाट बंद होती, आणि ज्यांच्यापर्यंत वाट पोहोचत नाही त्यांचे दुःख कागदावर येत नाही.

कागदावर जे आले, त्याचे स्वरूप मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रत्येक रुग्णाबरोबर एक वर्णनपत्र पाठवावे लागे, म्हणजे रुग्णाची ओळख आणि आजाराचा पूर्वइतिहास सांगणारा छापील तक्ता. त्यात नाव, वय, जात, धंदा, आजार किती दिवसांचा, पूर्वी असा झटका आला होता काय, स्वभाव हिंसक आहे काय, आणि आजाराचे कारण काय, अशी रकाना-रकान्याची विचारणा असे. कारणाचा रकाना रिकामा ठेवणे कोणत्याच अधिकाऱ्याला प्रशस्त वाटत नसे. हा रकाना भरत असे ठाण्यातला पोलीस, ज्याने त्या माणसाला बहुधा त्याच आठवड्यात प्रथम पाहिलेले असे. नातेवाईक बरोबर नसत, असले तर भीतीने बोलत नसत, आणि गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्याचे मराठी-हिंदीत भाषांतर करणारा मिळेलच याची खात्री नसे. अशा वेळी हाताशी असलेले सर्वांत सोपे उत्तर लिहिले जाई, आणि ते उत्तर बहुधा ‘गांजा’ असे. एकदा ते वर्णनपत्रावर आले की इस्पितळाच्या रजिस्टरात उतरे, तिथून वार्षिक अहवालात, आणि अहवालातून ते विज्ञान म्हणून लंडनपर्यंत पोहोचे.

या साखळीची तपासणी झाली ती १८९३ साली नेमलेल्या भारतीय हेंप ड्रग्ज कमिशनकडून, म्हणजे गांजा, भांग आणि चरस यांच्या परिणामांची चौकशी करणाऱ्या आयोगाकडून. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने देशभर १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी एकेक करून उलगडल्या. मध्य प्रांताला हा विषय परका नव्हता, कारण निमाड भागातील खांडव्याचा गांजा त्या काळी दूरवर जात असे. १८९२ साली देशातील इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांची मूळ कारणे नव्याने तपासली तेव्हा ज्यांच्या आजारात गांजाचा वाटा मानता येईल असे ९८ रुग्णच उरले, आणि त्यांतही दुसरे कोणतेच कारण नाही असे ६१. बाकीच्या नोंदी ठाण्यातल्या अंदाजावर उभ्या होत्या. भारतीय मनोविकारशास्त्राच्या इतिहासात हा आयोग मोलाचा आहे तो गांजाविषयीच्या निष्कर्षामुळे जितका, त्याहून अधिक या एका शोधामुळे, की मनोरुग्णाविषयीचे सरकारी सत्य कोणी, कुठे आणि किती घाईने लिहिले हे तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवता येत नाही. नागपूरची जुनी रजिस्टरे आज वाचतानाही हीच सावधगिरी बाळगावी लागते.

ज्या वर्षाच्या आकड्यांची आयोगाने छाननी केली, त्याच १८९२ साली नागपूरच्या इस्पितळात एक असा माणूस दाखल झाला ज्याच्यापुढे वर्णनपत्राचे सगळे रकाने अपुरे पडले. कामठीत १८६१ साली जन्मलेले आणि काही काळ सैन्यात नोकरी केलेले ताजुद्दीन हे छावणी परिसरातील वागण्यामुळे वेडे ठरवले गेले आणि इस्पितळात डांबले गेले. लोकांनी मात्र त्यांना अवलिया मानले. सोळा वर्षे, म्हणजे १९०८ पर्यंत, ते त्या आवारात होते आणि त्या काळात दर्शनासाठी लोकांची रीघ लागत असे. पागलखान्याला तीर्थाचे रूप आले. पुढे नागपूरकर भोसल्यांच्याच घराण्यातील, नंतरच्या पिढीतले राजे रघूजीराव भोसले यांनी जबाबदारी घेऊन त्यांना सोडवले व शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवले, आणि १९२५ साली त्यांचे देहावसान झाल्यावर ताजबागला उभा राहिलेला दर्गा आजही सर्व धर्मांच्या लोकांनी गजबजलेला असतो. ताजुद्दीन बाबांना खरोखर कोणता आजार होता की नव्हता याचा निवाडा शंभर वर्षांनी करणे अनुचित आहे. पण त्यांच्या प्रकरणातून हे स्पष्ट होते की सरकार ज्याला वेड म्हणत होते त्याच वर्तनाला समाजाकडे आणखी नावे होती, आणि त्यांतली काही नावे आदराची होती. असा आदर मात्र एखाद्यालाच लाभला. ज्यांच्यासाठी कोणी राजा जामीन राहिला नाही असे शेकडो जण त्याच भिंतींआड आयुष्य संपवून गेले, आणि त्यांच्या नातेवाइकांना मृत्यूची वार्तादेखील पोहोचली असेल की नाही, याची शंका घ्यायला पुरेशी जागा आहे.

इकडे गावांत मनाच्या आजारावरचा पहिला उपाय पुजाऱ्याकडे होता. गोंड-माडिया समाजात आजार म्हणजे केवळ शरीरातला बिघाड नव्हे. देवाचा, पूर्वजांचा किंवा कोणाच्या वाईट नजरेचा तो कोप असू शकतो, आणि तो कोणाचा आहे हे शोधून त्याची समजूत काढणे हे पुजाऱ्याचे काम. या पद्धतीत एक मोठा गुण होता : रुग्ण गावातच राहत असे, त्याच्यासाठी सगळे गाव जमत असे आणि दोष त्याच्या माथी मारला जात नसे. पण तिचा दुसरा चेहरा तितकाच खरा आहे. कोप कोणी केला याचा शोध घेताना बोट अनेकदा एखाद्या एकट्या म्हातारीकडे वळे, आणि जादूटोण्याच्या संशयावरून माणसे मारली गेल्याच्या घटना या भागाने आजपर्यंत पाहिल्या आहेत. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला त्यामागे अशाच दुःखांचा साठा होता. जो रुग्ण फार अनावर झाला त्याला दोरीने, साखळीने किंवा लाकडी खोड्यात बांधून ठेवणे हा देशभरच्या खेड्यांतला प्रकारही येथे अपवाद नव्हता. त्यातच या अरण्यात हिवतापाचे थैमान होते. मेंदूत पोहोचलेला हिवताप, म्हणजे ज्यात रुग्ण बरळतो, ओळख विसरतो, झटके येऊन बेशुद्ध होतो तो आजार, पाहणाऱ्याला अंगात काही शिरल्यासारखाच वाटतो. मिरगीचेही तेच. या दोन आजारांनी येथे वेडाचे सोंग घेऊन किती बळी घेतले असतील!

सरकारी बाजूने यानंतरची पन्नास वर्षे तुलनेने लवकर सांगून होतात. १९१२ च्या कायद्याने इस्पितळांवरचा तुरुंगखात्याच्या धर्तीचा कारभार सैल करून वैद्यकीय देखरेखीला बळ दिले, १९२० च्या दशकात ‘असायलम’ या शब्दाच्या जागी ‘मेंटल हॉस्पिटल’ हा शब्द आला, आणि युरोपात १९३० च्या दशकात निघालेले इन्शुलिनने बेशुद्ध करण्याचे व विजेच्या झटक्याचे उपचार हळूहळू भारतातही पोहोचले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा हिशेब मांडला तेव्हा संपूर्ण भारतात १९ मनोरुग्णालये आणि त्यांत मिळून १०,१८१ खाटा होत्या. इंग्लंडात सुमारे ३०० माणसांमागे एक खाट असताना भारतात ती ४०,००० माणसांमागे एक होती.

या काळातली एक गोष्ट मात्र थांबून सांगितली पाहिजे, कारण ती अरण्यातून निघते. सर्पगंधा हे मध्य भारताच्या ओलसर पानझडी जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे हात-दीड हात उंचीचे झुडूप. पाने तीन-चारच्या मंडलात, फुले पांढरी आणि त्यांचे देठ तांबूस, फळे पिकली की जांभळट काळी. औषध असते ते मुळात. मूळ बोटाएवढे, वाकडेतिकडे, साल मळकट पिवळी, आणि चव इतकी कडू की जिभेवरून लवकर जात नाही. सर्पदंश, निद्रानाश आणि वेड यांवर ते वैद्य आणि वनवासी पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते, आणि उत्तरेकडे तर ते ‘पागल की दवा’ याच नावाने विकले जाई. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व उच्च रक्तदाब या दोन्हींवर त्याचा गुण येतो असे शास्त्रीय लेखातून जगापुढे मांडले. जगाने लक्ष दिले ते वीस वर्षांनी : १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते छिन्नमनस्कतेच्या रुग्णांवर वापरून अनुकूल परिणाम नोंदवले. छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया, ज्यात विचारांचा, भावनांचा आणि वास्तवाचा सांधा तुटतो, आवाज ऐकू येतात, संशय पक्के होतात. पॅरिसमध्ये १९५२ सालीच वापरात आलेल्या क्लोरप्रोमाझिनने पुढे रेसर्पिनला मागे टाकले, कारण रेसर्पिनमुळे काही रुग्णांत विषण्णता वाढत असल्याचे दिसले होते. तरीही गोळीने मनोविकार आटोक्यात येऊ शकतो हा विश्वास जगाला देण्यात या कडू मुळाचा वाटा मोठा आहे. मूळ जगभर गेले, आणि ज्या जंगलांत ते उगवत होते तिथल्या रुग्णाला त्या गोळीसाठी नागपूरचीच वाट धरावी लागली. पुढे बेसुमार खोदाईने सर्पगंधा इतकी दुर्मीळ झाली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच नियंत्रण आणावे लागले.

राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ महाराष्ट्रात आला आणि नागपूरचे इस्पितळ ठाणे, येरवडा व रत्नागिरी यांच्याबरोबर राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक झाले. त्याची मंजूर क्षमता ९४० खाटांची, आणि कार्यक्षेत्र विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांचे. १९८२ सालच्या ऑगस्टमध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या, ज्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता पण असायला हवा होता : केंद्र सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला, ज्याचा गाभा असा की मनोरुग्णांवर उपचार त्यांच्या गावाजवळच्या साध्या आरोग्यकेंद्रातूनच व्हावेत, आणि चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १४,४१२ चौरस किलोमीटरचा, दोन तृतीयांशाहून अधिक वनाच्छादित असा गडचिरोली जिल्हा जन्माला आला. या कार्यक्रमाची गरज देशात ज्या जिल्ह्यांना सर्वाधिक होती त्यांत गडचिरोली निश्चितच होता. पण कार्यक्रमाचे पथदर्शी प्रयोग कर्नाटकातील बेल्लारीत झाले, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशातल्या चारच जिल्ह्यांत सुरू झाला, आणि तो अरण्यापर्यंत पसरायला आणखी बरीच वर्षे गेली.

त्या रिकाम्या काळात खरे काम वेगळ्या नावांनी झाले. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. माडिया लोक सुरुवातीला त्यांच्याकडे फिरकत नव्हते. विश्वास बसवणाऱ्या पहिल्या रुग्णांत दोघांची आठवण सांगितली जाते : एक मिरगीचा मुलगा, जो भयंकर भाजला होता, आणि दुसरा मेंदूच्या हिवतापाने मरणाच्या दारात पोहोचलेला माणूस. दोघेही बरे झाले आणि वार्ता पाड्यापाड्यांवर पसरली. मनोविकारांच्या इतिहासकाराला या दोन रुग्णांचे महत्त्व विशेष वाटले पाहिजे, कारण शतकानुशतके जे आजार अंगात आलेले म्हणून पाहिले गेले त्याच दोन आजारांनी येथे आधुनिक वैद्यकाला दार उघडून दिले, आणि तेही कोणाच्या श्रद्धेची टवाळी न करता.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. दवाखाना कसा असावा हे त्यांनी आदिवासींनाच विचारले आणि त्यातून संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना मोठ्या इमारतीऐवजी आदिवासी गावासारखा, झोपड्यांच्या घाटणीचा झाला, जिथे रुग्णाबरोबर त्याच्या माणसांना राहता येते. त्याला नावही दंतेश्वरी देवीचे मिळाले. पागलखान्याची कल्पनाच मुळी रुग्णाला त्याच्या माणसांपासून तोडण्यावर उभी होती. शोधग्रामच्या अंगणात जी रचना दिसते ती त्या कल्पनेला दिलेले, कदाचित हेतुपुरस्सर नसलेले, सर्वांत ठाम उत्तर आहे.

दारूचा प्रश्न या इतिहासात उपरा वाटेल, पण तो याच्या मध्यभागी आहे. दारूचे व्यसन हा मनोविकारशास्त्राच्या दृष्टीने आजारच आहे; दारू एकाएकी तुटली की होणारा कंप, भास आणि भ्रम, घरातली मारहाण, त्यातून बाईच्या मनावर साचणारी भीती आणि विषण्णता, ही सारी एकाच आजाराची रूपे आहेत. मोहाच्या फुलांची दारू गोंड समाजाच्या लग्नात, मरणात आणि पूजेत असते; ती देवाला वाहिली जाते आणि तिला सणाची मर्यादा असते. गुत्ते आणि परवानाधारक दुकाने यांनी आणलेली दारू ही वेगळी होती, तिला मर्यादा नव्हती. गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या स्त्रियांनी आणि ग्रामसभांनी दारूमुक्तीचा लढा उभारला आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. २०१६ पासून राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांनी ‘मुक्तिपथ’ या नावाने बंदीबरोबरच व्यसनमुक्तीच्या उपचारांचे काम हाती घेतले. चंद्रपुरात श्रमिक एल्गार या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या. ज्या दिशेने पूर्वी पोलिसांच्या पहाऱ्यात मनोरुग्ण नेले जात, त्याच दिशेने या बायका स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या घरातले आजारपण सरकारच्या दारात मांडायला गेल्या. २०१५ साली चंद्रपुरात बंदी झाली आणि २०२१ साली ती उठवण्यात आली. अवैध दारू वाढली हे बंदी उठवताना दिलेले कारण पूर्णपणे खोटे नव्हते. पण त्या निर्णयात व्यसनी माणसाच्या उपचाराला आणि त्याच्या बायकोच्या मताला किती वजन मिळाले, हा प्रश्न त्या पदयात्रेला साक्षी ठेवून विचारायलाच हवा.

कायदाही बदलत गेला. १९१२ च्या जागी १९८७ चा कायदा आला, तो १९९३ साली अमलात आला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला. त्या धक्क्याने देशभर साखळीचा प्रश्न ऐरणीवर आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे आणि भूल न देता विजेचा झटका देणे या दोन्हींना स्पष्ट मनाई केली, उपचार मिळणे हा हक्क ठरवला आणि रुग्णाची माहिती गोपनीय राखण्याचे बंधन घातले. १८५८ च्या कायद्याला समाजाचे रुग्णापासून रक्षण करायचे होते. हा कायदा रुग्णाचे समाजापासूनही रक्षण करतो, आणि १६० वर्षांतला हा पालट लहान नाही. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निवडलेल्या बारा राज्यांत शेजारचे छत्तीसगड व मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. आणि राज्य शासनाने २०१५ साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला तो विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी, ज्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली नव्हते. रकान्यात न बसणाऱ्याची नोंद राहून जाते, ही १८६४ ची रीत अद्याप पूर्णपणे मोडलेली नाही.

विदर्भात मानसिक आरोग्याच्या इतिहासाचे संग्रहालय व्हावे, आणि त्यात नागपूरची जुनी रजिस्टरे, नावांवर पट्टी लावून का होईना, सुरक्षित मांडली जावीत. पण त्याची एक शाखा चंद्रपूर किंवा गडचिरोलीत असावी, जिथे सर्पगंधेचे मूळ, एखाद्या घरातून सोडवून आणलेला खोडा आणि दारूबंदीचा ग्रामसभेचा ठराव, अंगठ्यांच्या निळ्या ठशांसह, एकाच दालनात पाहायला मिळतील. ज्यांच्या घरात, ग्रामपंचायतीत किंवा जुन्या दप्तरात असे काही पडून आहे त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. आणि ज्यांच्या घरात आज कोणी आजारी आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड आजही जगापासून तुटते, आणि तिथून नागपूरचे मनोरुग्णालय सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे.